माणूस, आणि पुढे कोरं

१

लाखनीला आमचं घर हायवेच्या इतकं जवळ आहे की मोठा ट्रक गेला की देवघरातली घंटी स्वतःच किणकिणते. नवीन पाहुणा दचकतो. आम्हाला ऐकूही येत नाही.

त्याच देवघराच्या फळीवर, गंगेच्या गडव्याशेजारी, नीलेशनं ती पेटी बसवली. टिफिनच्या डब्याएवढी, काळी, एक हिरवा दिवा. नीलेश माझा मुलगा, नागपूरला कम्प्युटरच्या कंपनीत आहे, आठवड्यातले काही दिवस तिकडे, बाकी घरून काम. पेटीला मी हळदीकुंकू लावायला गेले तर ओरडला, "आई, तारांमध्ये कुंकू जाईन ना!" मी बाजूच्या भिंतीला लावलं.

पेटी घर सांभाळते. मोटर कधी चालवायची, भूपाळी किती मोठ्यानं लावायची, मागच्या खोलीचं दार कधी बंद करायचं. हे सगळं तिला एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. फाइल टॅबलेटवर उघडते, साधी वहीच्या पानासारखी. लिहून झालं की खाली बटण असतं, "पुन्हा वाच". ते दाबेपर्यंत पेटी जुनंच धरून चालते.

मला हे फार आवडलं. आम्हा व्रतं करणाऱ्या बायकांना ते समजावून सांगावं लागत नाही. मनात शंभर गोष्टी येवोत, ओंजळीत पाणी घेऊन तोंडानं बोलून सोडल्याशिवाय संकल्प होत नाही. तोवर मन मोकळं, देवही मोकळा.

फाइलच्या सुरुवातीला घरातली माणसं होती. माणूस: नंदलाल, म्हणजे हे. माणूस: शोभा, म्हणजे मी. माणूस: नीलेश. माणूस: मोनिका, माझी सून.

मोनिकाला तेव्हा दिवस गेले होते. याआधी दोनदा जीव हाती लागला नव्हता. मी सोळा सोमवार धरले होते. आमच्यात व्रताच्या जेवणाला एक पान जास्तीचं मांडतात, आवतन नसलेलं कोणी आलं तर त्यानं दारात ताटकळू नये म्हणून. त्याच भरात एका सोमवारी मी फाइलमध्ये मोनिकाच्या खाली लिहिलं, "माणूस:" आणि पुढे कोरं सोडलं. बाळ आलं की नाव लिहीन, मगच बटण दाबीन. जागा धरून ठेवली, एवढंच.

२

पण लिहून बटण दाबायचं मी विसरायची. मोटरची वेळ बदलली, दाबायचं राहिलं, आणि टाकी वाहिली.

"तुह्या आईनं लिहिलं पण दाबलं नाही," हे ओसरीतून नीलेशला सांगत होते. "अर्धी लाखनी भिजली. आता धान इथंच रोवतो."

"तुम्हाले तर लिहिताही येत नाही त्याच्यात," मी म्हटलं.

"म्हणूनच माह्यानं टाकी वाहत नाही."

नीलेश हसत देवघरात आला. पेटीच्या कडेला एक छोटी खिटी आहे. ती त्यानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवली. "आई, आता दाबायची झंझट नाही. तू फाइलमध्ये काही बदललं की पेटी आपोआप वाचते. लिहिलं की झालं."

"लिहिता लिहिता चुकलं तर?"

"तर दुरुस्त कर. तेही वाचते."

दुसऱ्या सकाळी भूपाळीचा आवाज तीसचा पस्तीस करायचा होता. बोट तीनाऐवजी नवावर पडलं आणि पंचाण्णव झाले. अख्ख्या बसस्टँडला त्या दिवशी देव जागे झाल्याचं कळलं. मोनिका पोट धरून हसत बाहेर आली. "आई, बंद करा, हसू नका लावू, मले दुखते!"

त्या गडबडीत मला आठवलंच नाही की फाइलमध्ये एक कोरी जागा आहे, आणि पेटीनं आता तीही वाचली असेल.

३

दिवेलागणीला पेटी सांगते, घरात कोण कोण आहे. माणसाचा मोबाइल घरात आला की तिला कळतं. हे दुकानातून ऐकतात, कोण आहे नाही ते त्यांना समजतं. आमचं कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान समोरच, रस्त्याला लागून.

त्या संध्याकाळी मी तुळशीपाशी होते. आतून पेटीचा बाईचा आवाज आला, सपाट, न चढणारा न उतरणारा. "घरात आहेत. नंदलाल. शोभा. नीलेश. मोनिका."

मग ती थांबली.

रोज ती लगेच "शुभ संध्याकाळ" म्हणते. त्या दिवशी मध्ये एक नाव मावेल एवढी जागा गेली. मग म्हणाली, "शुभ संध्याकाळ."

मी वात सारत होते. हात तसाच राहिला.

नीलेशला विचारलं तर त्याला मौज वाटली. "तूच तर नाव न लिहिता ओळ सोडली. तिनं रिकामं नाव वाचलं. काढून टाक, झालं."

बरोबर होतं. मलाही तेच वाटलं होतं. टॅबलेट घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं. पण मिटवायला हात होईना. पोटातल्या लेकरासाठी धरलेली जागा मी कशी मोडू? सून शेजारच्या खोलीत पाय वर करून झोपलेली. अपशकुन वाटला. मी फाइल बंद केली.

आणि रोज संध्याकाळी ते थांबणं ऐकायची सवय लावून घेतली. कधी कधी तर गोड वाटायचं. वाटायचं, आहे, येतंय.

४

मग एका दुपारी मी घरात एकटी होते. मोनिका डॉक्टरांकडे गेलेली, नीलेश तिच्यासोबत. हे दुकानात. मी तांदूळ निवडत होते.

पेटी बोलली. आधी ती नावाएवढी जागा. मग, "घरात आली."

मी सूप खाली ठेवलं. दार लावलेलं होतं, कडीही. खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर, त्यात कोंड्याची धूळ. आवाज काहीच नव्हता. बाहेर ट्रक गेला, घंटी किणकिणली, आणि त्यानंतर जी शांतता झाली ती मला भरलेली वाटली. जशी पंगत बसली की वाढायच्या आधी होते तशी.

नीलेश आला तेव्हा म्हणाला, "शेजाऱ्यांचा मोबाइल आपल्या वायफायवर आला असेल. नाव माहीत नाही म्हणून त्या रिकाम्या जागेत टाकला असेल तिनं."

पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं. फक्त एकच गोष्ट मी त्याला बोलले नाही. पेटी प्रत्येकाचं आल्याचं सांगते तसं गेल्याचंही सांगते. हे गेले, मोनिका गेली, नीलेश गेला, सगळं सांगते. त्या कोऱ्या जागेबद्दल ती "गेली" असं कधीच म्हणाली नाही.

टाकी लवकर संपायला लागली. हे म्हणायचे, "कोण आंघोळ करून राहिलं एवढी?" मी म्हणायची, उन्हाळा आहे.

५

आठवा महिना सरत आला. मोनिका दुपारी मागच्या खोलीत बसायची. ती खोली साड्यांची, तिथं गारवा असतो. ती मोबाइलवर साड्यांचे फोटो टाकते, गिऱ्हाइकांशी बोलते, घड्या करते. माल महाग, म्हणून नीलेशनं त्या लोखंडी दाराला पेटीचं कुलूप लावलं होतं. मोनिका घरात असली की ते उघडं, ती बाहेर गेली की बंद. साधी किल्लीही होती, पण ती यांच्या जुडग्यात, आणि आतून उघडायची सोय नव्हती.

एका दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. ती कैरी मीठ लावून खात होती. पेटी म्हणाली, "मोनिका घराबाहेर गेली."

मागे दाराचं कुलूप खट्ट वाजलं.

मोनिकानं कैरी तोंडापासून बाजूला धरली. "आई, मी गेली का?"

"बस तू. मी पाहते."

फाइल उघडली. तिच्या ओळीत लिहिलं होतं, "माणूस: मोनिक". शेवटचा काना नव्हता. माझंच बोट लागलं असेल, भूपाळीच्या वेळी लागलं होतं तसं. मी काना दिला. पेटीनं लगेच वाचलं, "मोनिका घरात आली," आणि कुलूप उघडलं.

"आली बाप्पा," मोनिका म्हणाली. "निघालीच काहून होती कोणास ठाऊक!"

मी हसले. पण त्याआधी त्या दिवशी मी टॅबलेटला हातही लावला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी कुलूप परत वाजलं तेव्हा पाहिलं, तर तिथं "मोनि" एवढंच उरलं होतं. मागून पुढे, एकेक अक्षर. कोणी खडूच्या फळ्यावरून बोटानं पुसावं तसं सावकाश.

नीलेशला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी आलो की पूर्ण पाहतो, आई. तू टेन्शन नको घेऊ." मी घेतलं नाही. मी माळ घेतली.

६

रविवारी त्याला कंपनीनं थांबवून घेतलं. सोमवार उजाडला. माझा उपास. हे मालासाठी भंडाऱ्याला गेलेले, जुडगा त्यांच्या खिशात.

दुपारी मी शंकराला बेल वाहत होते. मागच्या खोलीतून मोनिका ओरडली. "आई! आई, पाणी गेलं माह्यं!"

मी उठले, आणि त्याच क्षणी डोक्यावरून पेटी म्हणाली, "मोनिका घराबाहेर गेली."

खट्ट.

मी धावले. लोखंडी दार गच्च बंद. पलीकडे ती कण्हत होती. मी थापा मारल्या, ओढलं. परत देवघरात आले, टॅबलेट उघडला. "माणूस:" पुढे काहीच नाही. आता दोन ओळी कोऱ्या होत्या, एकाखाली एक. कोणती बाळाची आणि कोणती सुनेची ते फक्त मला माहीत होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

मी लिहिलं, मो-नि-का. "मोनिका घरात आली." मागं कुलूप उघडल्याचा आवाज आला. टॅबलेट तिथंच टाकून मी पळाले. दाराला हात लागणार तोच मागून तो सपाट आवाज, "मोनिका घराबाहेर गेली," आणि कुलूप माझ्या बोटांसमोर बसलं.

परत गेले. परत लिहिलं. परत उघडलं, परत बंद. देवघरापासून दारापर्यंत जेवढा वेळ मला लागत होता तेवढाच ते नाव पुसलं जायला लागत होता.

शेजारच्या कैलाशला हाक मारली. तो भिंतीवरून म्हणाला, "काकू, घन आणतो दुकानातून, गाडीही काढतो, थांबा!" नीलेशला फोन लावला आणि जे सुचलं ते सांगितलं, नाव कोणीतरी मिटवून राहिलं, दार बंद होऊन राहिलं, मोनिका आत आहे.

मग त्याचा आवाज बदलला. "आई, ऐक. पेटीच्या कडेला खिटी आहे. ती परत हातावर टाक. आपोआप बंद. मग नाव लिही आणि लगेच बटण दाब. एकदा दाबलं की पेटी फाइलकडे पाहणारच नाही. मग फाइलमध्ये कोणी काहीही मिटवो."

"कोण मिटवून राहिलं, नीलेश?"

"माहीत नाही, आई. तू कर."

मागच्या खोलीत मोनिकाचं ओरडणं थांबलं होतं. मी दारापाशी कान दिला. ती हळू आवाजात बोलत होती. कोणाशी तरी. "हो," असं म्हणाली. "हो, धरते."

मी देवघराकडे वळले.

७

खिटी सरकवताना गंगेचा गडवा कलंडला. पाणी माझ्या हातावरून मनगटावर आलं. मी ते पुसलं नाही. ओंजळ वळली.

टॅबलेटवर ओल्या बोटानं लिहिलं, मो. नि. का. आणि तोंडानं म्हणाले, अगदी मोठ्यानं, पूजेला म्हणतो तसं. आमचं गोत्र, गाव लाखनी, वार सोमवार, माझी सून मोनिका या घरात आहे. पाणी सोडलं, आणि "पुन्हा वाच" दाबलं.

बटणावरून बोट उचलायच्या आत "का" गेला. मग "नि". माझ्या डोळ्यांदेखत.

पेटी म्हणाली, "मोनिका घरात आली."

कुलूप उघडलं. "मो" ही गेला. ओळ कोरी झाली. मी श्वास धरून उभी होते. पेटी काही बोलली नाही. हिरवा दिवा तसाच. तिनं जे माझ्या हातून वाचलं होतं ते धरून ती बसली होती, आणि आता कोणाचंही ऐकत नव्हती.

मी चालत गेले. पळाले नाही. दार सहज उघडलं.

मोनिका भिंतीला टेकून गादीवर होती, घामानं चिंब, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती, कोणाचा हात धरावा तशी. आणि गादीवर तिच्या शेजारी एक खोलगट जागा होती, नुकतंच कोणी उठल्यावर राहते ना, तशी. मी पाहत असताना कापूस हळूहळू वर आला. सपाट झाला. चादरीवर ओला डाग राहिला, तो मोनिकाच्या बाजूचा नव्हता.

कैलाश घन घेऊन आला तेव्हा दार उघडं पाहून म्हणाला, "काकू, मले कायले पळवलं मग?"

"गाडी काढ, बाबू," मी म्हटलं. "गाडी काढ."

८

मुलगी झाली. भंडाऱ्याला पोहोचलो, हे दवाखान्याच्या दारातच उभे होते, जुडगा हातात घेऊन, जणू आता तो कोणाला द्यावा तेच कळत नव्हतं. मुलगी लहान होती, पण रडली. अशी रडली की नर्स म्हणाली, "ही घर डोक्यावर घेते पाहा." मी भिंतीला टेकून पहिल्यांदा दिवसभराचं पाणी प्यायले.

रात्र व्हायच्या आधी मोनिकाला शुद्ध नीट आली. माझा हात तिनं गालाशी घेतला.

"आई, बरं झालं तुम्ही जवळ बसून होत्या. हात किती थंड होता तुमचा. आता गरम आहे."

मी म्हटलं, "पाण्यात होता हात."

खोटं नव्हतं ते.

९

मुलीचं नाव रेणू ठेवलं. घरी आल्यावर नीलेशनं पेटी खोलून, पुसून, सगळं नव्यानं बसवलं. फाइलमधली एकेक ओळ मला वाचून दाखवली. त्याला काहीच सापडलं नाही. कोणी बाहेरून शिरल्याची खूण नाही, टॅबलेट बिघडल्याची नाही. तो थोडा हिरमुसला, त्याला काहीतरी सापडायला हवं होतं. मला नको होतं.

"पेटीच काढून टाकू का, आई?"

"कायले? मोटर कोण पाहीन?" मी म्हटलं. "फक्त खिटी हातावर ठेव. आपोआप काही नको."

"टाकी वाहीन परत," हे म्हणाले.

"वाहू द्या."

रेणूचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं, मोनिकाच्या खाली. कोरी जागा एकही ठेवली नाही. पाणी सोडलं, बटण दाबलं. त्या संध्याकाळी पेटी म्हणाली, "घरात आहेत. नंदलाल. शोभा. नीलेश. मोनिका. रेणू. शुभ संध्याकाळ." मध्ये कुठंही थांबली नाही. मोनिकानं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी अशा हसलो की पोरगी दचकून उठली. इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता सगळं ठीक आहे. रेणू पालथी पडते, सरकायला पाहते. टाकी पुरते.

एवढंच की कधी दुपारी मोटरची वेळ बदलायला टॅबलेट उघडते, तर रेणूच्या नावाखाली एक ओळ असते. "माणूस:" आणि पुढे कोरं. मी लिहिलेली नसते. नीलेश म्हणतो, एंटर दाबलं की ते आपोआप येत असेल. असेलही. मी पहिल्यांदा घाबरले. आता घाबरत नाही. ती ओळ मिटवते, वरची सगळी नावं शेवटच्या कान्यापर्यंत वाचते, आणि मगच बटण दाबते.

ती कोण आहे ते मी विचारलं नाही. तिनं माझ्या सुनेचं नाव पुसलं. तिनंच माझ्या सुनेचा हात धरला. दोन्ही एकाच दुपारी. काय पाहिजे होतं तिला, पोरगी की फक्त बसायला जागा, ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही. मिटवताना मनात म्हणते, बाई, तू लिही. लिहायला कोणी मना करत नाही. पण वाचायचं की नाही ते या घरात माझा हात ठरवतो.

आतून रेणू रडते. मी टॅबलेट पालथा ठेवून उठते.